हमीदा दाईची गल्ली

काल बिट्टन मार्केटमध्ये एक पेंटर दुकानाची पाटी रंगवत होता. तेलरंगाचा तो उग्र वास नाकात शिरला आणि मी भाजीची पिशवी धरून तिथेच उभा राहिलो.

पंचवीसेक वर्षांपूर्वी मी पालिकेत गल्ल्यांच्या नावांची यादी करून पाट्या रंगवून घेणारा कारकून होतो. जुन्या भोपाळमधल्या एका गल्लीला सगळे हमीदा दाईची गल्ली म्हणत, कारण तिथली निम्मी माणसं त्या सुईणीच्या हातांवर जन्मली होती. हमीदाबींनी मला चहा पाजला आणि विचारलं, "बेटा, मेरा नाम लिखोगे ना?" मी शब्द दिला. साहेब मात्र म्हणाले, हयात माणसाचं नाव चालत नाही, नंबर टाका. मी निमूटपणे टाकला.

पाटी रंगवून होत आली तेव्हा हमीदाबी दारात उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं. ओल्या निळ्या अक्षरांकडे बघत म्हणाल्या, "यही है ना मेरा नाम?"

पाटीवर 'गली नंबर सात' असं होतं. मी म्हणालो, "जी, यही है."

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या लगबगीने शेजारणींना बोलवायला गेल्या.

पेंटर हळूच म्हणाला, "बाबूजी, इन्हें आप बताओगे, या मैं?"

म्हातारीचं मन राखलं, अशी स्वतःची समजूत मी बरीच वर्षं घालत आलो. खरं एवढंच, की शेजारणी यायच्या आत मी सायकलवर टांग टाकली होती.