माझ्या घटस्फोटाची सही-शिक्क्याची नक्कल

विवाह नोंदणी कार्यालयातल्या बाईंनी माझी झेरॉक्स उजेडाकडे धरून पाहिली आणि मऊ आवाजात म्हणाल्या, “धिस वन कॅनॉट, मिस.”

बाई चिनी होत्या, माझ्यासारख्याच चाळिशीला टेकलेल्या. पूर्वी लग्न झालेलं असेल तर ते मोडल्याचा कोर्टाचा हुकूमनामा लागतो, त्यावर कोर्टाचा मूळ शिक्का लागतो आणि कागद इंग्रजीत नसेल तर अधिकृत भाषांतर लागतं, हे त्यांनी दोनदा समजावून सांगितलं. माझा कागद मराठीत होता. झेरॉक्सची झेरॉक्स होती. आणि वरचा कोपरा, जिथे खटल्याचा नंबर आणि निकालाची तारीख असते, तो मशीनमध्ये तिरका गेल्यामुळे कापला गेला होता.

ज्याच्याशी मी लग्न करणार होते तो माझ्या शेजारी बसला होता. हा जुरोंग आयलंडवरच्या एका रिफायनरीत इंजिनिअर. रोज पहाटे गळ्यात पास अडकवून कंपनीच्या बसने जाणारा, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीला एक ठरलेली पद्धत असते यावर विश्वास असलेला. आमची ओळखही त्या बसमुळेच झाली होती. बुकित बातोकच्या स्टॉपवर मी फोनवर पुण्याच्या बँकेतल्या माणसाला मराठीत झापत होते आणि हा बसमधून उतरून चक्क ऐकत उभा राहिला होता.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, “इथे तर खटला कॉम्प्युटरवर शोधता येतो. तिथल्या कोर्टाची वेबसाइट असेल ना?”

“तिथे माणूस पाठवावा लागतो,” मी म्हणाले.

पाठवायला माणूस नव्हता, हीच तर अडचण. माझा घटस्फोट सहा वर्षांपूर्वी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी झाला होता, कारण ते पहिल्या नवऱ्याचं गाव. दोघांच्या संमतीने झाला. भांडणं अशी फार नव्हती. एका घरात दोन भाडेकरू राहावेत तसं आमचं चाललं होतं आणि ते दोघांनाही कळत होतं. कागद वकीलसाहेबांकडे ठेवून मी सिंगापूरला आले, आंग मो किओमधल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्याच्या अकाउंट्स खात्यात लागले. मधल्या काळात वकीलसाहेब वारले. त्यांच्या मुलाने ऑफिसच्या जागी औषधांचं दुकान काढलं. माझी आई अमरावतीला, गुडघे धरून बसलेली. भाऊ दुबईला.

“त्या गावात तुझ्या ओळखीचं कोणीच नाही?” हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, कॉफी पिता पिता याने विचारलं.

“एक आहेत. सासूबाई.”

तो जरा वेळ कप फिरवत राहिला. मग म्हणाला, “कशा आहेत त्या?”

“चांगल्या आहेत.”

“मग कर की फोन.”

रविवारी सकाळी कॉलिंग कार्ड खरवडून मी तो लांबलचक नंबर दाबला. घरचा नंबर अजून पाठ होता. त्यांचा आवाज आला आणि माझी बोलतीच बंद झाली, कारण हाक कशी मारायची ते मी ठरवलंच नव्हतं. पूर्वी ‘आई’ म्हणायचे. आता ‘काकू’ म्हणावं तर जिभेवर येईना. नुसतंच म्हणाले, “मी बोलतेय. सिंगापूरहून.”

“अगं बाई! तू?” पलीकडे पातेलं खाली ठेवल्याचा आवाज झाला. “थांब, गॅस बंद करते. ठेवू नकोस हं, थांब.”

मी सगळं सांगितलं. लग्न करतेय हे सांगताना आवाज जरा बारीक झाला. त्या ऐकत होत्या. मग एकदम कामाचं विचारलं, “मुलगा आपल्यातला आहे? पीत नाही ना? बरं. आणि कागद कधीपर्यंत पाहिजे?”

“तुम्हाला त्रास होईल...”

“कसला त्रास? हे गेल्यापासून दुपारी नुसती झोपते मी. कोर्ट काय, भाजी मंडईच्या पलीकडे तर आहे.”

मग त्या मोहिमेवर निघाल्या. मी इथल्या भारतीय हाय कमिशनमधून साक्षांकित करून घेतलेलं अधिकारपत्र आणि पासपोर्टची प्रत त्यांना पाठवली, आणि दर रविवारी सकाळी मला कोर्टाची बातमी मिळू लागली. याला इतकी उत्सुकता असायची की तो माझ्या फ्लॅटवर येऊन फोनच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचा.

पहिल्या आठवड्यात त्या चुकून गुन्ह्यांच्या कोर्टात जाऊन बसल्या होत्या. तिथे कोणाच्या तरी म्हशी चोरल्याचा खटला चालू होता, तो संपेपर्यंत ऐकून आल्या. “छान चालतं गं,” म्हणाल्या, “पण आपलं ते दिवाणीकडे, वरिष्ठ स्तर. आणि नक्कल पाहिजे असेल तर नक्कल विभाग वेगळा. मला आता सगळं कळलंय.”

दुसऱ्या आठवड्यात अर्ज लिहून दिला, त्यावर कोर्ट फीचा स्टॅम्प लावला. नक्कल विभागातल्या क्लार्कने नंबर मागितला. नंबर नाही म्हटल्यावर त्याने आधी शोध अर्ज द्यायला सांगितलं आणि वर हेही सांगितलं, की निकाली झालेली जुनी प्रकरणं आता इथे नसतात, रेकॉर्ड रूमला जातात. नंबर आणि निकालाची तारीख असल्याशिवाय तिथून काही निघत नाही. सासूबाईंना वर्ष आठवत होतं, महिनाही आठवत होता, कारण निकालाच्या दिवशी घरी परत येऊन त्यांनी दिवाळीची भाजणी केली होती. “तसं काही सुचत नव्हतं,” त्या म्हणाल्या, “म्हणून भाजणी केली.”

हे मला माहीत नव्हतं. याने माझ्याकडे पाहिलं आणि उठून चहा टाकायला गेला.

पुढच्या रविवारी त्या वैतागलेल्या होत्या. शोध अर्जावर उत्तर आलं होतं: असे प्रकरण आढळून येत नाही.

“आढळत नाही म्हणजे? मी काय स्वप्नात घटस्फोट पाहिला का तुमचा?”

याने लगेच तर्क मांडले. वर्ष चुकलं असेल, दुसऱ्या न्यायाधीशांकडे वर्ग झालं असेल. सासूबाईंनी फोनवरूनच विचारलं, “कोण बोलतंय मागे?”

“तोच,” मी म्हणाले.

“त्याला म्हणावं, वर्ष बरोबर आहे माझं.”

मधल्या आठवड्यात, बुधवारी, मी ऑफिसमध्ये असताना माझा मोबाइल वाजला. भारतातला नंबर. सासूबाई एसटीडी बूथवरून बोलत होत्या, म्हणजे पहिल्यांदाच त्यांनी मला स्वतःहून फोन केला होता. मला वाटलं काही अपघातच झाला.

“सापडला!” त्या ओरडल्या. “अगं, मी इतके दिवस त्याचं नाव देत होते! रजिस्टरला पहिल्या अर्जदाराचं नाव असतं, आणि पहिली अर्जदार तू. आणि तुझं तर नाव माहेरचंच. तू नाव बदललंच नव्हतंस, हे मी साफ विसरले होते.”

मी जागेवरच हसायला लागले. शेजारच्या टेबलावरच्या मलय मैत्रिणीने मान वर करून पाहिलं. लग्नानंतर मी नाव बदललं नाही तेव्हा याच बाई माझ्याशी आठवडाभर बोलल्या नव्हत्या. ताट वाढायच्या, पण बोलायच्या नाहीत.

“तेव्हा मी किती चिडले होते तुझ्यावर,” त्यांनाही तेच आठवलं असावं. “बरं झालं नाही बदललंस ते. आता परत बदलाबदली करावी लागली असती. ठेवते, बाहेर माणसं खोळंबलीत.”

नंबर मिळाला तरी रेकॉर्ड रूममधून फाइल येणं, नक्कल तयार होणं, ती मूळ प्रतीशी ताडून तिच्यावर सही-शिक्का होणं, यात आणखी काही आठवडे गेले. पण आता सासूबाईंना कोर्टाची घाई राहिली नव्हती. तिथल्या बाकड्यावर त्यांची एक मैत्रीण झाली होती. वाटणीच्या दाव्याची नक्कल न्यायला तालुक्याच्या गावाहून एसटीने येणाऱ्या एक बाई. दोघी एकमेकींसाठी डबा नेऊ लागल्या. सासूबाईंची भाषाही बदलली. “मंगळवारी तारीख आहे माझी,” असं त्या म्हणायच्या. मी आठवण करून द्यायचे, “आई, तुम्हाला तारीख नाही, नुसतं चौकशीला बोलावलंय.” ‘आई’ कधी परत सुरू झालं ते माझं मला कळलं नाही. त्यांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

एकदा मी धीर करून विचारलं, “त्याला सांगितलंत?” म्हणजे त्यांच्या मुलाला. तो पुण्याला होता, त्याचंही पुन्हा लग्न झालं होतं, एक मुलगी होती.

“सांगितलं. लपवायचं काय त्यात? नक्कल घ्यायला जायच्या दिवशी तो आलेलाच होता इथे. मला गाडीने सोडलंन कोर्टात. आत नाही आला. गाडीतच बसून राहिला पेपर वाचत.” मग म्हणाल्या, “तुला चांगलं होऊ दे म्हणाला.”

कुरिअरचं पाकीट आलं तेव्हा मला वाटलं होतं, त्यात काहीतरी असेल. मेतकूट, एखादा खण, निदान चार ओळींची चिठ्ठी. काहीच नव्हतं. कडक पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये हुकूमनाम्याच्या दोन नकला, प्रत्येक पानावर गोल शिक्का. मी जरा हिरमुसलेच. रविवारी तसं बोलूनही दाखवलं.

“वेडी आहेस का?” त्या म्हणाल्या. “खाण्याचं घातलं असतं आणि कुठे तेल लागलं असतं तर? परत सगळ्या चकरा! दोन का काढल्या माहितेय? एक त्यांनी ठेवून घेतली तर तुझ्याजवळ एक असू दे.”

एका शनिवारी मी आणि हा बुकित बातोकच्या हॉकर सेंटरमध्ये त्या नकलेचं इंग्रजी करायला बसलो. अधिकृत भाषांतर मराठी मंडळात ओळख झालेले एक बँकर करून देणार होते, शपथेवर सही करून. पण आधी कच्चं आपण करू, त्यांचा वेळ वाचेल, असं याचं म्हणणं. आजूबाजूला नूडल्सचे बाउल, टेबल पुसणाऱ्या आजी, आणि हा माझ्या घटस्फोटाचा निकाल मोठ्याने वाचतोय. कोणाला मराठी कळत नव्हतं म्हणून बरं.

“अर्जदार क्रमांक एक हिला तिचे स्त्रीधन परत मिळाले असून तिची त्याबाबत काही तक्रार नाही.” तो थांबला. “काय होतं स्त्रीधन?”

“बांगड्या. आणि एक मिक्सर.”

“मिक्सर आणलास इथे?”

“तोच तर आहे. तू काल चटणी केलीस तो.”

त्याने मान हलवली आणि पुढे वाचलं. “उभयतांच्या स्वभावात तफावत असल्याने एकत्र नांदणे अशक्य झाले आहे.” पेन उचलून म्हणाला, “नांदणे. कोहॅबिट लिहू?”

“कोहॅबिट म्हणजे नुसतं राहणं. नांदणं वेगळं.”

“मग काय लिहू?”

मला सांगता येईना. आम्ही बराच वेळ शब्द शोधला. ‘लिव्ह हॅपिली’ म्हटलं तर परीकथेतलं वाटत होतं. त्या कोऱ्या जागेकडे पाहता पाहता माझे डोळे भरून आले. पहिल्या लग्नाच्या दुःखाने नव्हे, हा माणूस त्या शब्दासाठी इतका अडून बसला होता म्हणून. शेवटी त्याने तिथे गाळलेली जागा ठेवली. बँकरसाहेबांनी दोन मिनिटांत ‘कोहॅबिट’ लिहून टाकलं, आणि नोंदणी कार्यालयातल्या त्याच बाई सगळे कागद पाहून म्हणाल्या, “नाउ कॅन.”

लग्न साधंच झालं. सासूबाईंना फोटो पाठवले. त्यांनी फोनवर याच्याशी बोलायचं म्हणून सांगितलं आणि त्याला एवढंच विचारलं, की सकाळी डबा कोण करतं. “मीच करतो,” तो म्हणाला. यावर त्या फारच खूश झाल्या.

दोन वर्षांनी त्या सिंगापूरला आल्या. ज्येष्ठ नागरिकांच्या एका सहलीबरोबर, गळ्यात रंगीत पट्टा घालून. एक दुपार त्यांना मोकळी होती. मी रजा काढली, सिंहाचा पुतळा, ऑर्किडची बाग, मुस्तफामधली खरेदी, असे सगळे पर्याय त्यांच्यापुढे ठेवले.

“ते सगळं ग्रुपबरोबर बघून झालं,” त्या म्हणाल्या. “मला इथलं कोर्ट दाखव.”

आम्ही गेलो. दारात बॅग मशीनमधून गेली, त्यातली चकली पाहून सिक्युरिटीवाल्या तमिळ काकांनी हसून ती परत दिली. जनतेला बसता येतं अशा एका कोर्टात आम्ही मागच्या बाकावर बसलो. आत शिरताना लोक न्यायाधीशांच्या दिशेने जरा वाकत होते. सासूबाईंनी हात जोडून व्यवस्थित नमस्कार केला. वाहतुकीचा काहीतरी खटला होता. त्यांना इंग्रजी फारसं कळत नव्हतं, पण त्या डोळे मोठे करून बघत होत्या. एसी थंडगार, टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता.

माझ्या कानाशी येऊन त्या कुजबुजल्या, “इथे बाकड्यावर कोणी डबा खात नाही?”

“नाही.”

“मग ओळखी कशा होतात?”

संध्याकाळी त्यांना हॉटेलवर सोडलं तेव्हा लॉबीत त्यांच्या ग्रुपमधल्या बायका खरेदीच्या पिशव्या उघडून बसल्या होत्या. एकीने विचारलं, “काय हो, कुठे होतात दुपारभर?”

“कोर्टात गेले होते, सुनेबरोबर,” सासूबाईंनी सांगितलं.

त्या बाईंच्या हातातली पर्स तशीच राहिली. बाकीच्यांनीही पिशव्या सोडून आमच्याकडे पाहिलं. सासूबाई मात्र माझा हात धरून मजेत लिफ्टकडे चालू लागल्या. त्यांना मला आपली खोली दाखवायची होती, आणि बाथरूममधले ते छोटे छोटे साबण मला द्यायचे होते.