मेंदीच्या कुंपणाची वकिली

माझ्यासारख्यानं लिहायला बसणं हा आगाऊपणाच आहे, तेवढा पोटात घाला. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेला मीच पहिला. त्यामुळं हदगावकडच्या आमच्या गावात मला सगळं येतं असा समज आहे. तो समज नांदेडातल्या एका बागेपायी कसा धुळीला मिळाला, एवढंच सांगतो.

खोलीवर पंखा नव्हता, म्हणून मी अभ्यासाला त्या बागेत बसायचो. बागेला मेंदीचं जुनं कुंपण होतं. रमजान ईद जवळ आली की फाटकापाशी बांगड्या विकणारी खाला आपल्या गल्लीतल्या बायकांना घेऊन तिथली पानं ओरबाडायची. पंचमीच्या आधी माझी घरमालकीण काकू माहेरी आलेल्या लेकींसह यायची. देगलूरकडच्या, आपसांत तेलुगू बोलणाऱ्या बायकाही पिशवी भरून न्यायच्या. विकतच्या कोनानं हाताला खाज सुटते, यावर मात्र सगळ्यांचं एकमत.

मग कळलं, की कुंपण उपटून तिथं लोखंडी जाळी बसणार.

खाला म्हणाली, "बेटा, तू कॉलेजात शिकून राहिला ना? चल सायबाकडं. आमचं कोण ऐकतंय?"

काकू म्हणाली, "हाव, बोलंल त्यो. खोलीत एकटाच बडबडत असतोय."

मी आरशासमोर भाषण पाठ केलं. खाला आणि काकूला मागं घेऊन बागेचं काम पाहणाऱ्या साहेबांपुढं उभा राहिलो. 'सांस्कृतिक वैविध्य' हे शब्द तोंडातून न अडखळता निघाले आणि मला चेव आला. ईदला पानं कोण नेतं, पंचमीला कोण, कुठल्या कोपऱ्यातली मेंदी जास्त रंगते, पिशव्या केवढ्या भरतात, सगळं सांगितलं. "साहेब, आपल्या शहराचे सगळे सण या एका कुंपणावर उगवतात," असंही म्हणालो. हे वाक्य मला स्वतःलाच फार आवडलं होतं.

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे पानं तुम्ही लोक तोडता? फाटकावर पाटी आहे, वाचता येते ना? आम्ही समजत होतो शेळ्या खातात. म्हणून तर जाळी ठरली."

मागं वळून बघायची माझी हिंमत झाली नाही.

बाहेर आल्यावर काकू म्हणाली, "वकील आपलाच, अन् फाशी बी आपल्यालाच."

खालाला हसू आवरेना. "शेळ्यांवर गेलं होतं बेटा, जाऊ द्यायचं की!"

परीक्षा संपताच मी गावाकडं पळालो. सोयाबीनच्या रानात खुरपताना ते कुंपण आठवायचं. माझ्या भाषणानं ते लवकरच उपटलं असणार, याची खात्री होती. फोन करून विचारायचं धाडस मात्र होत नव्हतं.

पंचमीच्या आदल्या दिवशी काकूचाच फोन आला.

"कुंपण हाय तिथंच हाय. साहेब म्हणले, शेळ्याच न्हाईत तर जाळी कशाला बसवायची? आता सणाच्या आधी माळीच फांद्या छाटून फाटकापाशी ठेवणार. आज मी अन् खाला वाटून राहिलो."

मी हळूच विचारलं, "अन् माझ्या भाषणाचं काही म्हणाले का?"

"न्हाई बा, त्येचं काईच न्हाई म्हणले," काकू म्हणाली. तिच्यामागं खाला कुणावर तरी ओरडत होती, "अगं लई घेऊ नको, देगलूरवाल्या यायच्यात अजून!"