हिरामणच्या ट्रकला झोंबलेली थंडी

गॅरेजच्या बाकावर रोज बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ग्रीससारखे आपोआप कपड्यांना लागतात. मी तीस वर्षं मुळशी तालुक्याच्या बातम्या देतोय आणि त्यातल्या बऱ्याच दुपारी पिरंगुटला जाफरभाईंच्या गॅरेजात गेल्या आहेत. गेल्या हिवाळ्यातले सगळे किस्से मात्र एकाच ट्रकचे. ते आठवले की मला हसू नंतर येतं, आधी संताप येतो!

ट्रक ताम्हिणीच्या हिरामणचा, वीस वर्षं जुना. पहाटे वाड्यावस्त्यांवरून दुधाचे कॅन उचलायचे आणि आठच्या आत पिरंगुटच्या संकलन केंद्रावर पोचवायचे, एवढंच त्याचं काम. थंडी पडली आणि सेल्फ मारला की ट्रक नुसता कण्हायला लागला. घर्र... घर्र... मग कधीतरी अर्ध्या तासाने सुरू. एका आठवड्यात तीन वेळा उशीर झाला.

केंद्राच्या सुपरवायझरने सुनावलं, "अजून एकदा उशीर, की ही लाइन दुसऱ्या टेम्पोला."

"साहेब, वर घाटात थंडी लई हाय," हिरामण म्हणाला.

"थंडी सगळ्यांनाच असते!"

वीस वर्षांत हिरामणने दुसरं काम केलेलं नव्हतं. लाइन गेली की ट्रक दारात शोभेला. तेव्हापासून तो पहाटे तासभर आधीच उठून सेल्फ मारत बसायचा.

*

पहिला संशय बॅटरीवर. तपासली कुणी? कुणीच नाही! गॅरेजात चहा प्यायला आलेल्या चार जणांनी "बॅटरीच" म्हटलं आणि नवी बॅटरी बसली. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा घर्र... घर्र...

मग कुणीतरी सांगितलं, बॅटरीला ऊब पाहिजे. हिरामणने रात्री बॅटरी काढून घरात आणली आणि गोधडीत गुंडाळून ठेवली. सकाळी त्याची बायको सुमन उठली आणि कडाडली, "मला लग्नात दिल्याली गोधडी ही! पोरांना कदी पांघरू दिली न्हाई, आन् ही हिच्यात निजलीया व्हय?"

*

जांब्याला भाड्याच्या खोलीत राहणारा एक आयटीवाला पोरगा बाइक दुरुस्तीला आला होता. त्याने मोबाइलवर दोन मिनिटं वाचलं आणि निदान केलं.

"काका, डिझेल इंजिन आहे ना? मग ग्लो प्लग गेले असणार. थंडीत तेच इंजिन गरम करतात."

जाफरभाई म्हणाले, "ह्या इंजिनाला ते नसत्यातच."

"बघा! मग सुरू कसं होणार?"

त्या दिवशी जाफरभाईंनी त्याच्या बाइकचं काम सगळ्यात शेवटी घेतलं.

*

तिसरं निदान ऑइलचं. थंडीत ऑइल घट्ट होतं, इंजिन फिरायला जड जातं. यात खोटं काही नाही. म्हणून हिरामणने ऑइल बदललं. तरी फरक नाही, म्हणून तो पहाटे इंजिनखाली घमेल्यात निखारे ठेवायला लागला. डिझेलच्या गाडीखाली निखारे! गॅरेजात हे ऐकून मी ओरडलो, "अरे, पेटेल सगळं!"

"न्हाई पेटत. लक्ष द्यायला मान्सं हायेत की."

होतीच. वस्तीवरचे पाच म्हातारे रोज घमेल्याभोवती शेकत बसायचे. एकाने तर हिरामणला बजावलं, "निवांत दुरुस्त कर रं. घाई न्हाई."

*

मग सेल्फ उघडून नीट केला. तरी तेच. आता माझा तोल सुटला. "जाफरभाई, पुराव्याशिवाय मी दोन ओळी छापत नाही आणि तुम्ही ट्रकचा एकेक भाग बदलत सुटलाय! मीटर लावून मोजलं का कुणी?"

"मीटर हाय की माज्याकडं."

"मग लावा!"

"त्यातला सेल घड्याळात घातलाय."

मी भिंतीकडे बघितलं. घड्याळ वीस मिनिटं मागे होतं.

*

त्याच दिवशी दुपारी हिरामण केंद्रावरून थेट गॅरेजात आला. पुन्हा उशीर झाला होता. फार हातापाया पडल्यावर सुपरवायझरने उद्याचा एकच दिवस दिला होता. सोबत सुमनवहिनी होत्या. त्या केबिनमधून उतरल्या, आम्हा सगळ्यांचं थंडीवरचं बोलणं ऐकलं आणि म्हणाल्या, "थंडी दर सालीच पडती की. दसऱ्यापातुर तर गाडी बरी व्हती."

मी कपाळावर हात मारून घेतला. "कधीपासून?" हा प्रश्न विचारण्यावर तीस वर्षं पोट भरलं आणि तो एवढ्या दिवसांत मी विचारला नव्हता!

जाफरभाईंनी मान वर केली. "दसऱ्याला काय केलं?"

"रंग दिला," हिरामण म्हणाला. "पूजेला गाडी नवी दिसाया पायजे. पार चासीसकट. आडवं येत व्हतं ते समदं सोडवून दिलं रंगाऱ्याला. बोटाएवडी जागा सोडली न्हाई!"

जाफरभाईंनी घड्याळातला सेल काढून मीटरमध्ये घातला. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाला. "मार सेल्फ!" आकडा शून्यापाशीच राहायला हवा होता, तो उडाला. म्हणजे करंट वाटेत कुठेतरी अडत होता. ते गाडीखाली शिरले आणि तिथूनच हसायला लागले.

बॅटरीची जाड अर्थिंगची वायर चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, घट्ट बसवलेली होती. पण खालच्या लोखंडावर छान, चकचकीत, डबल कोट लाल रंग! करंट परत जाणार कसा? उन्हात इंजिन हलकं फिरतं, तेव्हा कसंबसं भागायचं. थंडीत जोर जास्त लागतो, तिथे ट्रक अडायचा.

पॉलिश पेपरने रुपयाएवढा रंग खरवडला. वायर पुन्हा आवळली. पाच मिनिटं!

"माजा रंग..." हिरामण कळवळला.

"रंग बघत घरी बसायचं हाय का?" सुमनवहिनींनी विचारलं.

*

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम केंद्रावर जाऊन उभा राहिलो. गवतावर दव गोठल्यासारखं, बोटं वाकत नव्हती. साडेसातलाच ट्रक आला. केंद्राच्या गेटला कुलूप.

वॉचमन म्हणाला, "किल्ली सायबांकडं हाय. गाडी बंद करा तवर."

हिरामणने बंद केली. मग माझ्याकडे बघून मुद्दाम पुन्हा चालू केली. एका झटक्यात! पुन्हा बंद, पुन्हा चालू. वॉचमन म्हणाला, "खेळताय काय?"

आठ वाजले. सव्वाआठ झाले. मग रस्त्याच्या वळणावर सुपरवायझर दिसला. स्वेटर, कानटोपी, आणि दोन्ही हातांनी मोटरसायकल ढकलत. घामाघूम.

गेटपाशी पोचून तो धापा टाकत म्हणाला, "थंडीनं... स्टार्टच होईना."

हिरामण केबिनमधून वाकला आणि अगदी काळजीने म्हणाला,

"साहेब, दसऱ्याला रंग दिला व्हता का?"