मामेभावाचा अमेरिकन लेखक

माझ्या मामेभावाइतका सिनेमाचा वेडा आणि सिनेमा बघायला इतका नालायक माणूस नेदरलँड्सच्या आइंडहोवनमध्येच काय, अख्ख्या युरोपात नसेल. पुण्याहून तो इथे इंजिनिअर म्हणून आला, तेव्हा डीव्हीडीचे दिवस होते आणि घरी फोन करायला कॉलिंग कार्ड लागायचं. त्याचा देव म्हणजे एक अमेरिकन कथालेखक. तो बिचारा आयुष्यभर गॅरेजात राबला, दोन लग्नं मोडून एकटाच मेला, आणि मेल्यावर त्याच्या कथांवर धडाधड सिनेमे निघाले. हे सगळं मामेभाऊ इतक्या कळवळ्यानं सांगे, की ऐकणाऱ्याला वाटावं, लेखक कोथरूडला यांच्याच शेजारी राहत होता.

थिएटरात मात्र याला बसवत नसे. जॅकेट काढायचं, घालायचं, पुन्हा काढायचं. पडद्यावर जरा काही वेगळं दिसलं की कानाशी कुजबुज सुरू, "ताई, गोष्टीत हा कुत्रा नाहीये!" इथे मध्यंतरात लोक निवांत कॉफी पितात, हा उरलेली कथा मला मूळ लेखकाबरहुकूम सांगून टाकायचा, आणि पुढे ती तशी घडली नाही की माझ्यावरच डाफरायचा. एकदा पुढच्या रांगेतल्या डच आजी वळून म्हणाल्या, "तुला शेवट माहीत आहे ना? मग घरी जा. आम्हाला बघू दे." हा ओशाळून उठला आणि सिनेमा सुटेपर्यंत बाहेर येरझाऱ्या घालत राहिला.

त्या हिवाळ्यात मामांना हार्ट अटॅक आला. हा मिळेल त्या विमानानं निघाला, पण पुण्याला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. परतल्यापासून घरी टिकेना, कामात लक्ष लागेना, जेवता जेवता उठून खिडकीशी जाई. शेवटी एका रविवारी दुपारी मीच त्याला त्याच्या लेखकाच्या नव्या सिनेमाला ओढून नेलं. कथा कशावर आहे, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

पडद्यावर एक मुलगा गाडीतून उतरून इस्पितळाकडे धावत सुटला. पण तो वेळेवर पोचला. बापानं डोळे उघडले, मुलाचा हात हातात घेतला. मी कुजबुजीची वाट बघत होते. शेजारी हालचाल नाही.

बाहेर आल्यावर मी भीत भीत विचारलं, "कथेत काय होतं रे?"

"उशीर होतो."

"म्हणजे यांनी बदललंच की!"

"बदलू दे गं ताई," तो सायकलचं कुलूप काढत म्हणाला. "कुणीतरी पोचू दे."

एरवी तो सिग्नल हिरवा होताच पुढे निघून जायचा. त्या दिवशी माझ्या संथ सायकलशेजारून माझ्या दारापर्यंत आला.