नानांचं टेबल

"सीझन सरू दे, मंग दखू."

काहीही सांगा, नानांचं उत्तर हेच. शहाद्याजवळच्या साखर कारखान्यात, इलेक्ट्रिकल विभागात जन्म काढलेला माणूस. उसाचं गाळप चालू असताना घरचं काम काढायचं नाही, हा आमच्या वसाहतीचा कायदाच. पण नाना निवृत्त झाल्यावरही तो पाळत होते. मीही त्यांच्या मागोमाग निवृत्त होऊन शेजारीच बसलो होतो, म्हणून हसायचा अधिकार मला होता.

नानांच्या बायकोचं, वहिनींचं, मागणं एकच. म्हसावदच्या माहेरून आणलेला, वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ मुका झाला होता. तो पुन्हा बोलायला हवा होता. त्यासाठी नानांनी मागच्या ओट्यावर टेबल मांडायला घेतलं. जुन्या दाराची फळी, भंगारातला ऑसिलोस्कोप, स्वतः गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर, तेलाच्या डब्यात बसवलेला पॉवर सप्लाय. एक वस्तू तयार झाली की ती तपासायला दुसरी लागायची. रेडिओ आपला कपाटावर, फडक्याखाली.

"पहिले टेबल, मंग रेडिओ," म्हणत नाना थकून पायरीवर टेकायचे. मीही टेकायचो. पाळ्या करून करून दोघांची कंबर कधीच कामातून गेली होती.

सगळ्यात आधी चालू झाला तो सिरीजचा बल्ब. कुठलंही यंत्र पहिल्यांदा त्याच्यातून जोडायचं. मी घरचा बंद मिक्सर नेला. नानांनी डावा हात खिशात घातला आणि उजव्याने बटण दाबलं. बल्ब लख्ख पेटला. मी खूश.

"हासू नको भो. बल्ब मंद ऱ्हायना तं बरं. लख्ख पेटना म्हणजे मझार शॉर्ट शे." म्हणजे बल्ब मंद तर यंत्र ठीक; लख्ख, तर माझ्या मिक्सरसारखं आतून गेलेलं.

"आणि हात खिशात कशाला?"

"दोन्ही हात लावात तं करंट छातीमाईन जास."

छातीने दगा दिलाच, पण विजेशिवाय. गाळप जोरात होतं. भरदुपारी, पायरीवर बसून चहाची वाट पाहता पाहता नाना गेले. मला त्यांचा राग आला, अजून येतो. जन्मभर कशाची घाई न केलेल्या माणसाला तेव्हाच कसली घाई झाली?

परवा गाळप संपल्याचा भोंगा वाजला. वहिनींनी मला हाक मारली. रेडिओ पुसून टेबलावर ठेवला होता.

"सीझन सरना, भाऊ. आते लावा."

मी रेडिओ बल्बातून जोडला, डावा हात खिशात घातला आणि बटण दाबलं. बल्ब लख्ख पेटला. वहिनींच्या तोंडावर उजेड पडला.

"पेटना व माय! दखा, त्यासनं टेबल चालस!"

"चालतं, वहिनी," मी म्हणालो.

खोटं नव्हतं ते. टेबल अगदी बरोबर चाललं होतं.

"आते बोली तो," म्हणत त्या स्टूल ओढून रेडिओसमोर बसल्या. बटण बंद करायला माझा हात काही उठेना.