मायच्या पायावरची सूज

डॉक्टरांनी मायच्या पायाला हात लावला न्हाई. टेबलावरचा पेन उचलला, उलट्या टोकानं घोट्यावर दाबला. खड्डा पडला. भरून येईना. मग त्यांनी पेन सॅनिटायझरनं पुसला. मायच्या देखत.

"मेंढरांमागं फिरणाऱ्या बाया तुम्ही. पाय सुजणारच," म्हणाले. "त्यात तुमच्या लोकांना अंघोळीचं वावडं."

माय खाली बघून हसली. ते हसणं मला जास्त लागलं.

मी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. सुट्टीत घरी आले अन् मीच तिला वसमतला दाखवायला आणलं. सकाळी तिचं तोंडही सुजायचं, डोळ्यांखाली पिशव्या यायच्या. चालून तोंड सुजतंय व्हय? मला तिथंच शंका आली.

वर्गात शिकले होते. केसाहून बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी सारखं बाहेर झिरपतं, मांसात जातं, तिथं पोसायचं काम करतं. रक्तातली प्रथिनं त्यातलं बरंचसं पाणी आत ओढून धरतात. प्रथिनंच लघवीवाटे जाऊन राहिली तर ओढणार कोण? पाणी मांसातच साचतं.

डॉक्टरांनी सूज उतरायची गोळी लिहिली. तपासणी एकही न्हाई.

"सर, लघवी तपासता का? प्रथिनं जात असतील."

त्यांनी वर पाहिलं. "मेंढरं राखणाऱ्याची पोरगी ना तू? मला शिकवू नको."

माय माझा दंड ओढून राहिली. "चाल बाई. मोठी माणसं हायत."

तोवर मी तिच्यामागं मुकाट निघायची. त्या दिवशी उठले न्हाई.

"तपासणी लिहून द्या. न्हाई तर गरज न्हाई असं लिहून द्या. सहीनिशी."

दार उघडं होतं. बाहेर बसलेले लोक आत बघून राहिले. डॉक्टरांनी तपासणीची चिठ्ठी खरडली अन् फेकली. फरशीवर पडली. मी उचलली.

लघवीत प्रथिनं भरमसाट निघाली. मूत्रपिंडाचा आजार. नांदेडला नेलं. सूज उतरायला महिने गेले, गोळ्या अजून चालू हायत. माय वाचली.

ती म्हणते, "डॉक्टरच्या ध्यानात आलं नसंल." मला तसं वाटत न्हाई. ध्यानात यायला समोर माणूस दिसावा लागतो.

आता मी वॉर्डात नोकरीला हाय. मला संशयी म्हणतात. म्हणू द्या. गरिबाला न तपासताच औषध लिहिलेलं दिसलं, की मी लिहिणाऱ्यासमोर जाऊन उभी राहते. विचारते, काहून? उत्तर मिळेस्तोवर हलत न्हाई.