येऊन जा

इटलीतल्या त्या गावांची नावं माझ्या तोंडात अजून नीट बसत नाहीत, आणि मला ती बसवायचीही नाहीत. पण त्यातल्या एका गावाचं चित्र आमच्या थाटीपुरच्या स्वयंपाकघरात कित्येक वर्षं होतं. टोपी बाजारातल्या कागदवाल्याने दिवाळीला दिलेलं कॅलेंडर. वर्ष संपलं, तारखा कापून टाकल्या, चित्र राहिलं. समुद्रावर उतरलेला डोंगर, त्याला चिकटून पिवळी-गुलाबी घरं, आणि या खिडकीतून त्या खिडकीला बांधलेल्या दोरीवर वाळत घातलेले कपडे. फोडण्यांच्या धुराने तो समुद्र पार तपकिरी होऊन गेला होता. माझी मुलगी लहान होती तेव्हा ओट्यावर बसून ते बघत जेवायची. "मम्मी, इथे कपडे खाली पडले तर सीधे समुंदरमध्ये जात असतील ना?" असं विचारायची. मोठी झाली तशी सांगायला लागली की लग्नानंतर मी तिथेच जाणार, आणि पहिलं काम काय करणार, तर त्या दोरीवर माझा दुपट्टा वाळत घालणार.

बोलकी तर अशी की विचारू नका. भाजीवाल्याशी गप्पा, सवारीच्या टेम्पोत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईशी गप्पा, कोणीच नसलं तर कुकरशी. "हो गया बाबा, हो गया, ओरडू नको," असं त्याला दटावायची. वाक्य मराठीत सुरू, हिंदीत संपणार. आमच्याकडे सगळ्यांचं तसंच आहे. यांचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, पूर्वज दक्षिणेतून इथे हिंदी मुलखात दरबारी कारकून म्हणून आले, त्याला पिढ्या झाल्या. सोबत भाषा आणली, ती इथे राहून इथली झाली. आम्ही उन्हाला धूप म्हणतो, किल्लीला चाबी म्हणतो. मला त्याची कधी लाज वाटली नाही. यांना वाटायची. दिवसभर इंदरगंजच्या ऑफिसात हिंदी बोलून यायचे आणि घरी आले की शुद्ध मराठीच्या नावाने उसासे टाकायचे.

म्हणून पुण्याचं स्थळ आलं तेव्हा हे हरखूनच गेले. "आपण इथे येऊन किती काळ झाला, आता पोरगी परत जाईल," असं म्हणाले.

"परत? ती कधी गेली होती पुण्याला?" मी विचारलं. पण माझं ऐकतं कोण.

मुलगा एकटाच बघायला आला. स्टेशनवरून येताना त्याची टॅक्सी इंदरगंजच्या चौकात अडकली. त्याने फोन केला, तर आमची पोरगी गेटवरून ओरडून सांगते, "काही नाही हो, सरळ थाटीपुरला येऊन जा, मी इथेच उभी आहे!"

आता आमच्यात 'येऊन जा' म्हणजे काय? हिंदीतलं 'आ जाओ', तेच. ये, लवकर ये, वाट बघते आहे, इतकं सगळं त्यात येतं. पुण्यात मात्र त्याचा अर्थ असा की उभ्याउभ्या या आणि परत जा. मुलगा घरी पोचला तो हसतच. "येऊन जा म्हणालात. म्हटलं चहा तरी मिळणार की नाही?" हे खो खो हसले. मुलगीही हसली. मीही हसले, खोटं कशाला सांगू. मुलगा देखणा होता, नोकरी चांगली होती, बोलणं मऊ होतं. मग त्याने तिला समजावलं की 'या' म्हणायचं, नुसतं 'या'. तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. दुसऱ्यांदा म्हणताना तिचं हसू थोडं कमी झालेलं मला दिसलं.

कॅलेंडरचं तिनेच त्याला सांगितलं. त्याने फोनमध्ये शोधून ते गाव कुठलं तेही काढलं. मानारोला. पोरगी आनंदाने वेडी झाली. त्यानंतर रोज तो तिला इटलीतल्या पाहण्यासारख्या गावांचे व्हिडिओ पाठवायचा आणि संध्याकाळी फोनवर नावं पाठ करून घ्यायचा. पोझितानो. चिविता. चुकली की पुन्हा म्हणायला लावायचा. चिविता त्याच्या विशेष आवडीचं. कड्यावरचं गाव, त्या कड्याची माती हळूहळू ढासळते आहे, आत जायला एकच पायपूल. "बरं आहे ना, आई," मला म्हणाला, "एकदा पूल ओलांडला की कोणाची कटकट नाही." बोलला साधंच. पण ते वाक्य माझ्या कानातून जाईना.

लग्नाआधी फोटो काढायची आता पद्धतच झाली आहे. आपल्याकडे झाशी रोडला शहराबाहेर कोणीतरी त्यासाठी अख्खं इटलीचं गाव उभं केलंय. प्लायवूडची घरं, पिवळी, गुलाबी, निळी. प्लास्टिकची लिंबं, एक जुनी स्कूटर, आणि खिडक्यांमधून दोरीवर कपडेसुद्धा. मुलीने ते पाहिलं आणि धावत सुटली. प्रत्येक दारावर टकटक करून विचारते, "कोई है? कोई है क्या?" दारं रंगवलेली, उघडणार कशी. तो शांतपणे तिच्याजवळ गेला आणि दोन बोटं तिच्या मनगटावर हलकेच आपटली. "कोणी आहे का," तो म्हणाला. तीही म्हणाली, "कोणी आहे का."

मग ते दिवसभर चाललं. ती बोलली की टक टक. 'मी बोलली' नाही, 'मी म्हणाले'. टक टक. 'धूप' नाही, 'ऊन'. टक टक. 'मम्मी' काय, 'आई' म्हण. जोरात कधीच नाही, आवाज कधी चढला नाही, चेहऱ्यावर हसू कायम. फोटोवालाही म्हणाला, "सर कितने प्यार से समझाते हैं." माझ्या डोक्यात तिडीक गेली.

दुपारी तिला वरच्या खिडकीत उभं करायचं ठरलं. मी मागे गेले, तर मागे गाव नव्हतंच. बांबू, उघडे खिळे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. खिडकीच्या मागे एक फळी, त्यावर माझी पोर उभी, आणि ती फळी हलत होती. मी दोन्ही हातांनी फळी धरून ठेवली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, तिच्या टाचा तेवढ्या डोळ्यांसमोर. पुढून फक्त त्याचा आवाज येत होता. "आणखी वाक. आणखी. हसताना दात नको." तिने एकदाही म्हटलं नाही की फळी हलते आहे. सकाळी दारादारावर टकटक करणारी पोरगी एक शब्द बोलली नाही. मला त्या माणसाची भीती वाटली, तिथेच, बांबूंमध्ये उभी असताना.

घरी आल्यावर मी यांना सांगितलं. "चुका सुधारतो म्हणून भीती?" हे म्हणाले. "मी जन्मभर कोणी सुधारणारा शोधत होतो." मुलीला सांगितलं, तर ती गळ्यात पडून म्हणाली, "मम्मी, तू पण ना! तो मला इटलीला घेऊन जाऊन राहिला आहे. इतनी सी बात पे मोडू का?" आणि बोलल्यावर दाराकडे बघितलं, कोणी ऐकलं का ते. लग्न झालं.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा मी तिच्या आवडीची कढी केली. जावई बाहेर यांच्याशी बोलत बसले होते. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच. कुकरने शिट्टी दिली, तिने नुसता गॅस बारीक केला. मी म्हटलं, "अगं, त्याला काहीतरी बोल, रुसेल." ती थोडी हसली. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "आज धूप किती..." आणि थांबली. डाव्या हाताच्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं तिने स्वतःच आपटली. टक टक. "ऊन," ती म्हणाली. "आज ऊन किती आहे."

मी तिचा हात धरला आणि विचारलं, काय चाललंय तुझं? तिने हात सोडवून घेतला आणि पानं वाढायला लागली. "काही नाही, आई. तू चिंता नको करू." पुन्हा थांबली. "काळजी करू नकोस."

त्यानंतर फोन यायचे ते स्पीकरवर. मी काही विचारलं की आधी शांतता, मग उत्तर. छोटं, सरळ, पाठ्यपुस्तकातल्यासारखं. हे खूष. "ऐकलंस? एक हिंदी शब्द नाही." मला वाटायचं फोन भिंतीवर आपटावा. मी तिला म्हटलं, ये चार दिवस. जावई म्हणाले, आता व्हिसाची धावपळ आहे, इटलीहून आल्यावर बघू. मी म्हटलं, मग आम्ही येतो. ते म्हणाले, आता नको, घर लावायचं राहिलंय. दरवेळी इतकं गोड बोलायचे की भांडायला जागाच सापडायची नाही.

इटलीला गेले ते भर उन्हाळ्यात. इथे लू सुटलेली, कूलर घरघरतोय, आणि जेवणं आटोपल्यावर व्हिडिओ कॉल आला. जावयांनी आधी आम्हाला डोंगर दाखवला, समुद्र दाखवला. मी ओळखलं. कॅलेंडरमधलाच डोंगर, तीच पिवळी-गुलाबी घरं, आणि समुद्र निळा, फोडणीचा धूर न लागलेला. मग कॅमेरा तिच्याकडे वळला. वाळली होती. केस घट्ट बांधलेले.

"आई, इथलं निसर्गसौंदर्य अप्रतिम आहे," ती म्हणाली.

तिच्या मागेच दोरी होती. चादरी, शर्ट, कोणाचे तरी लाल मोजे. मी म्हटलं, "बेटा, मागे बघ ना! कपडे!"

तिने मागे बघितलं नाही. बाजूला बघितलं, जावई असतील तिकडे. मग म्हणाली, "हो. इथले रहिवासी कपडे बाहेर वाळत घालतात."

"आणि तुझा दुपट्टा?"

"ते बरं दिसत नाही, आई."

जावयांचा आवाज आला, हसरा. "बघितलंत ना, आई? हल्ली एकही चूक करत नाही." यांनी मान डोलावली. "आता उद्या चिविता," जावई पुढे म्हणाले, "तिथे फोन वगैरे बंद ठेवू. आम्ही दोघंच."

ती मध्येच बोलली. इतक्या वेळात पहिल्यांदाच कोणी न विचारता बोलली. "आम्ही शुक्रवारी सकाळी घरी पोचू. तू आणि बाबा येऊन जा."

"हो हो, या की," जावई म्हणाले. "दिवाळीच्या सुमारास येऊन जा दोन दिवस."

तिने सरळ कॅमेऱ्यात बघितलं. माझ्या डोळ्यांत. "येऊन जा," ती पुन्हा म्हणाली, आणि फोन बंद झाला.

यांचे डोळे पाणावले. "किती गोड बोलावलं गं. आणि वाक्य बघ, अगदी तिथल्यासारखं. दिवाळीला जाऊ या."

"अहो," मी म्हटलं, "आपल्या घरात येऊन जा कशाला म्हणतात?"

ती गेटवर उभी राहून ओरडलेली त्यांनाही आठवली असणार. चेहरा पार उतरला त्यांचा. उठले आणि कपाटावरची बॅग काढली. तिकिटं कशी मिळाली, कोणाच्या हातापाया पडले, मी विचारलं नाही. गाडीत चिविताचा तो एकच पूल माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. ती पुलाच्या कुठल्या बाजूला असेल, फोन खरंच बंद असेल का, शुक्रवारी ती येईल ना. नाही नाही ते मनात येत होतं.

शुक्रवारी पहाटेपासून आम्ही पुण्याला त्यांच्या इमारतीखाली उभे होतो. वॉचमन दोनदा विचारून गेला. ऊन चढलं तेव्हा टॅक्सी आली. आधी जावई उतरले. आम्हाला बघून थबकले, मग तेच हसू चेहऱ्यावर आलं. "अरे वा! कळवलं नाहीत?" मागून ती उतरली. एक पाय जमिनीवर, एक अजून गाडीत, आणि माझ्याकडे बघत राहिली. माझा जीव भांड्यात पडला, पण तो क्षणभरच. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. घाबरलेलं पोर आईकडे बघतं तसं बघत होती.

"येऊन गेले, बेटा," मी म्हटलं.

"येऊन गेले नाही, आई," जावई म्हणाले. "आले, म्हणा. येऊन गेले म्हणजे परत गेलात." बोलता बोलता सवयीने त्यांची दोन बोटं तिच्या मनगटाकडे गेली. तिने हात मागे ओढला.

टॅक्सीवाला डिकीतून सामान काढत होता.

"भैया, रुकना!" ती ओरडली. इतक्या मोठ्याने, की वरच्या मजल्यावरची एक बाई गॅलरीत आली. "मेरी बॅग मत उतारो. स्टेशन चलना है."

जावई तिला काहीतरी सांगू लागले, हळू आवाजात, समजावणीच्या सुरात. हे पुढे झाले. अर्धी बाहेर आलेली तिची बॅग त्यांनी आत ढकलली, आमची तिच्याशेजारी ठेवली आणि डिकी लावून टाकली. ती परत आत सरकली आणि माझ्यासाठी दार धरून ठेवलं.

"मम्मी, बसून जा," ती म्हणाली.

मी बसून गेले.